समान वेतनाचा कायदा आणि शेजारच्या बंदरांची चढाओढ

बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पा हे तालुक्याचे गाव समुद्रापासून फार दूर आहे. तेथील पुष्कळ ग्रामस्थांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. तरीही नकाशा समोर ठेवला असता एक गोष्ट ध्यानात येते. चिटगुप्प्याहून निघालेली मालमोटार हुमनाबादेस पुणे-हैदराबाद महामार्गाला लागते. ती पश्चिमेस वळली, तर सोलापूर व पुणे या मार्गाने मुंबई आणि न्हावा-शेवा या बंदरांकडे जाते. पूर्वेस वळली, तर हैदराबादवरून चेन्नई किंवा विशाखापट्टणम येथे पोहोचते. बंदराला माल पुरविणारा आणि बंदरातून आलेला माल घेणारा जो अंतर्गत मुलूख, त्यास भूगोलाच्या पुस्तकांत 'पृष्ठप्रदेश' म्हणतात. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे दोन किनाऱ्यांवरील बंदरांचा सामाईक पृष्ठप्रदेश आहेत. शिक्षकांनी हा नकाशा वर्गात फळ्यावर काढून पाहावा. दोन किनारे आणि मध्ये आपले गाव एवढी आकृती विद्यार्थ्यांस पुरेशी होते.

या मुलखातील मुख्य पीक तूर. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया आणि मलावी या देशांतून येणारी तूर याच बंदरांत उतरते आणि तिचा परिणाम कलबुर्गीच्या बाजारातील भावावर होतो. भाव पडला की डाळ मिलचा मालक खर्चाकडे पाहू लागतो आणि त्याची दृष्टी प्रथम मजुरीवर जाते. त्यातही स्त्रियांच्या मजुरीवर ती अधिक सहजपणे स्थिरावते. बाईमाणसाला पुरुषाइतकी मजुरी का देत नाही, असे विचारले असता बहुधा उत्तर मिळते ते असे, की परवडत नाही, शेजारच्या मिलशी टक्कर द्यावयाची आहे.

हे उत्तर केवळ खेड्यापाड्यांतले नाही. मुंबईतील एका नामांकित जहाज कंपनीने थेट सर्वोच्च न्यायालयात हेच उत्तर दिले होते. न्यायालयाने ते स्वीकारले नाही. तो निकाल कोणता व त्यातील तत्त्व काय, याची माहिती ग्रामस्थ, अधिकारी आणि शिक्षक या सर्वांना असणे अगत्याचे आहे. त्याबरोबरच, बंदराबंदरांमधील चढाओढीत मजुरीचा वाटा वस्तुतः किती असतो, हेही तपासून पाहणे इष्ट ठरेल.

कायद्याचा उगम

भारतीय संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदाने समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन मिळावे, असे धोरण राज्यास आखून दिले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ मध्ये याच विषयावरील १०० क्रमांकाचा करार संमत केला व भारताने १९५८ मध्ये त्यास मान्यता दिली. प्रत्यक्ष कायदा होण्यास मात्र आणखी सतरा-अठरा वर्षे जावी लागली. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, म्हणजे सप्टेंबर १९७५ मध्ये, राष्ट्रपतींनी समान वेतनाचा अध्यादेश काढला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. हाच समान वेतन कायदा, १९७६.

असा कायदा करताना प्रत्येक देशास एक शंका येते. आपण स्त्रियांचे वेतन वाढविले आणि शेजाऱ्याने वाढविले नाही, तर आपला माल महाग होऊन बाजार शेजाऱ्याच्या हाती जाणार नाही काय? युरोपात ही शंका फ्रान्सने उघडपणे मांडली. फ्रान्समध्ये समान वेतनाचे तत्त्व आधीच मान्य झाले होते. शेजारच्या देशांत स्त्रियांचे श्रम स्वस्त राहिले, तर फ्रान्सच्या कापड उद्योगास झळ लागेल, अशी त्या देशास धास्ती होती. म्हणून १९५७ च्या रोमच्या तहात ११९ वा अनुच्छेद घालण्यात आला आणि सर्व सदस्य देशांवर समान वेतनाचे बंधन आले. म्हणजे युरोपच्या सामाईक बाजारपेठेत हा नियम आला तो एकट्या न्यायबुद्धीने नव्हे. शेजाऱ्याशी होणारी स्पर्धा उचित पायावर व्हावी, हा व्यापारी हिशेबही त्यामागे होता.

एप्रिल १९७६ मध्ये, म्हणजे आपला कायदा होऊन दोन महिने उलटत असताना, युरोपीय न्यायालयाने गॅब्रिएल डेफ्रेन यांच्या दाव्यात हेच स्पष्ट केले. डेफ्रेन या बेल्जियमच्या साबेना विमान कंपनीत हवाई परिचारिका होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुषांहून त्यांना कमी वेतन मिळत असे. न्यायालयाने म्हटले की, या अनुच्छेदाचा हेतू दुहेरी आहे. ज्या देशाने समान वेतन लागू केले त्यास स्पर्धेत तोटा होऊ नये हा एक, आणि लोकांचे जीवनमान व कामाची स्थिती सुधारावी हा दुसरा. अँटवर्प आणि रॉटरडॅम ही एकमेकांच्या शेजारची, पण दोन देशांतली बंदरे या एकाच नियमाखाली येतात, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मॅकिनन मॅकेंझी कंपनीचा खटला

मॅकिनन मॅकेंझी ही कंपनी ब्रिटिश अमदानीपासून जहाजवाहतुकीच्या व्यवसायात होती. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची जहाजे आणि त्यांचा माल यांची व्यवस्था ती पाहत असे. मुंबई बंदराच्या व्यापारात या नावाला मोठे वजन होते. या कंपनीच्या कचेरीत ऑड्रे डिकोस्टा या लघुलेखिका म्हणून काम करीत. जून १९७७ मध्ये त्यांची नोकरी संपुष्टात आली. त्यानंतर त्यांनी समान वेतन कायद्याखाली असा दावा केला की, कायदा लागू झाल्यापासून नोकरी संपेपर्यंतच्या काळात आपल्याला पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन देण्यात आले.

येथे पदनामाकडे लक्ष द्यावे. कंपनीत लघुलेखन करणारे पुरुष नुसते 'लघुलेखक' होते. स्त्रियांचे पद मात्र 'गोपनीय महिला लघुलेखक' असे होते व त्यांची नेमणूक वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे केली जाई. शब्द मानाचा वाटतो, परंतु पगार कमी होता. कंपनीचे म्हणणे असे की, ही दोन पदे निराळी आहेत. गोपनीय पदावर पुरुष नेमलेलेच नाहीत, तेव्हा तुलना कोणाशी करावयाची? शिवाय १९७५ मध्ये कामगार संघटनेशी वेतनाबाबत करार झाला आहे व त्यानुसारच पगार दिला जातो.

पहिल्या पायरीवरील अधिकाऱ्याने दोघांचे काम सारखेच असल्याचे मान्य केले, परंतु त्या कराराचा आधार घेऊन दावा फेटाळला. अपील ऐकणाऱ्या कामगार उपायुक्तांनी तो निर्णय फिरविला आणि वेतन व महागाई भत्ता यांतील फरकापोटी ७,१९६ रुपये ६७ पैसे देण्याचा आदेश दिला. या रकमेविरुद्ध कंपनी उच्च न्यायालयात गेली. तेथे एक न्यायाधीश आणि नंतर दोन न्यायाधीशांचे पीठ अशा दोन्ही ठिकाणी ती हरली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मार्च १९८७ रोजी न्यायमूर्ती वेंकटरामय्या आणि न्यायमूर्ती दत्त यांनी कंपनीचे म्हणणे अमान्य केले. सात हजार रुपयांच्या फरकासाठी एका स्त्रीला सुमारे दहा वर्षे झगडावे लागले. वकिलांच्या फीवर कंपनीचा जो खर्च झाला असेल, त्याच्या मानाने ही रक्कम किती क्षुल्लक होती, हा विचार वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि कंपनीस प्रश्न एका स्त्रीचा वाटला नसावा. एकीस दिले की सर्वांस द्यावे लागेल, हे तिला कळत होते.

या निकालात अनेक गोष्टी स्पष्ट झाल्या. काम सारखे आहे की नाही हे ठरविताना कागदावरील पदनाम नव्हे, तर प्रत्यक्षात रोज केले जाणारे काम पाहावयाचे असते. दोन कामांत बारीकसारीक भेद असणारच, परंतु व्यवहारात ज्यांना महत्त्व नाही अशा भेदांवरून वेतन वेगळे ठेवता येत नाही. त्या जागेवर पुरुष नाही, हे उत्तरही चालत नाही, कारण पुरुष नेमावयाचा नाही हे मालकानेच ठरविलेले असते. संघटनेशी झालेला करार कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. मात्र रात्रपाळीसारख्या गैरसोयीच्या वेळी काम करणाऱ्यास जादा दर देण्यास हरकत नाही, अट एवढीच की, रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीलाही तो दर मिळाला पाहिजे. बंदरासारख्या अहोरात्र चालणाऱ्या ठिकाणी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

आपल्या विषयाचा गाभा मात्र पुढच्या मुद्द्यात आहे. कंपनीने असेही सांगून पाहिले की, आर्थिक स्थितीमुळे सर्वांना समान वेतन देणे तिला शक्य नाही. त्यावर न्यायालयाने सांगितले की, या कायद्याची अंमलबजावणी मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. सर्वांना सारखे देणे जमत नाही, एवढ्या कारणावरून सारखेच काम करणाऱ्या एका गटाला कमी देण्याची मुभा कायदा मालकाला देत नाही. धंद्यात तोटा आला, तर तो सोसण्याचे अनेक मार्ग असतील, पण स्त्रियांच्या वेतनातून तो भरून काढणे हा त्यांतील मार्ग नव्हे, असा याचा अर्थ होतो.

बंदरे कशामुळे जिंकतात

आता बंदरांच्या चढाओढीकडे वळू. मुंबई बंदराचा कारभार पाहण्यासाठी १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्यानंतर प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक अशा गोद्या उभ्या राहिल्या. शंभर वर्षे हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. परंतु त्याच्या भोवती शहर दाटले. धक्क्याबाहेर माल ठेवावयास जागा नाही, मालमोटारींना रस्ता नाही, जहाजांना दिवसचे दिवस खोळंबून राहावे लागे. दरम्यान जहाजवाहतुकीत कंटेनर आले. पूर्वी जो माल पोत्यापोत्याने हमालाच्या पाठीवरून उतरे, तो लोखंडी पेटीत बंद होऊन यंत्राने उतरू लागला. याच कारणांनी खाडीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, न्हावा-शेवा येथे नवे बंदर बांधण्यात आले व २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. त्यास जवाहरलाल नेहरू यांचे नाव देण्यात आले.

ही दोन बंदरे म्हणजे एकाच पाण्याच्या दोन काठांवरील शेजारी. पृष्ठप्रदेश एकच, गिऱ्हाईकही एकच. काही वर्षांतच कंटेनरचा बहुतेक व्यापार मुंबईहून न्हावा-शेवा येथे गेला. १९९७ मध्ये न्हावा-शेवा येथे खासगी कंपनीस कंटेनर धक्का चालविण्याचा करार झाला, तेव्हा त्याच बंदराच्या आत सरकारी धक्का आणि खासगी धक्का अशी दुसरी चढाओढ सुरू झाली. पुढे गुजरातेत कच्छच्या किनाऱ्यावर मुंद्रा हे खासगी बंदर वाढले आणि २०२०-२१ च्या सुमारास कंटेनरच्या संख्येत ते न्हावा-शेव्याच्याही पुढे गेले.

या सगळ्यात मजुरीचा वाटा किती? मुंबई आणि न्हावा-शेवा ही दोन्ही केंद्र शासनाच्या अखत्यारीतील प्रमुख बंदरे होत. प्रमुख बंदरांच्या स्वतःच्या कामगारांचे वेतन प्रत्येक बंदर आपापले ठरवीत नाही, तर देशातील सर्व प्रमुख बंदरांसाठी कामगार महासंघ आणि बंदरांचे व्यवस्थापन यांच्यात एकत्रित वाटाघाटी होऊन ते ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये झालेला समझोताही असाच सर्वांसाठी एक असून १ जानेवारी २०२२ पासून पाच वर्षांकरिता आहे. म्हणजे बंदराच्या पटावरील कामगारांपुरते बोलावयाचे, तर दोन्ही शेजाऱ्यांचे वेतनाचे दर एकाच वाटाघाटीतून आले. तरीही कंटेनर एकाकडून दुसऱ्याकडे गेले. ते गेले जागा मोकळी होती म्हणून, यंत्रे नवी होती म्हणून आणि शहराच्या गर्दीत न शिरता रेल्वे व महामार्ग गाठता येत होता म्हणून. मुंद्रा पुढे गेले त्यातही खोल पाणी, मुबलक जमीन आणि उत्तर भारताशी जवळीक यांचा भाग मोठा आहे. जहाजाचा मालक प्रथम विचारतो ते पाणी किती खोल आहे, धक्का केव्हा मोकळा होईल आणि जहाज किती तासांत परत निघेल. धक्क्यावरील कचेरीत टंकलेखन करणाऱ्या बाईचा पगार किती, हे तो विचारीत नाही.

म्हणून वेतनाच्या समानतेमुळे व्यापार शेजाऱ्याकडे जाईल, ही भीती निदान या दोन बंदरांच्या इतिहासावरून खरी ठरत नाही. उलट सर्व प्रमुख बंदरांसाठी वेतनाची बोलणी एकत्र होत असल्यामुळे, शेजाऱ्यापेक्षा मजुरी कमी देऊन गिऱ्हाईक ओढण्याची वाटच तेथे बंद झाली आणि चढाओढ यंत्रे, जागा व वेळ यांवर आली.

परंतु येथे चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही, तर वाचकांची दिशाभूल होईल. हा एकत्रित समझोता प्रमुख बंदरांच्या पटावरील कामगारांना लागू आहे. खासगी बंदरांतील, खासगी धक्क्यांवरील आणि विशेषतः ठेकेदाराकडील कामगारांना तो लागू नाही. स्पर्धा तीव्र झाली, तेव्हा पटावरील माणसे घटत गेली आणि सफाई, गोदाम, पोत्यांची शिलाई, उपाहारगृह अशी कामे ठेकेदारांकडे गेली. या प्रकारच्या कामांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. समान वेतनाचा कायदा तुलना करतो ती एकाच मालकाकडील स्त्री-पुरुषांची. एका बंदरातील स्त्रीला शेजारच्या बंदरातील पुरुषाशी तुलना करून दावा लावता येत नाही. त्याचप्रमाणे मालकाच्या पटावर पुरुष आणि ठेकेदाराच्या पटावर स्त्रिया अशी विभागणी झाली, की तुलनेचा धागाच तुटतो. 'गोपनीय महिला लघुलेखक' या पदनामाने जे साधले नाही, ते ठेकेदारीने साधू शकते. ही या कायद्याची खरी उणीव आहे आणि अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी ती ध्यानात ठेवणे जरूर आहे. अशा ठिकाणी किमान वेतनाचा कायदा उपयोगी पडतो, कारण किमान वेतनाच्या अधिसूचनेतील दर कामाला असतो. स्त्रीला एक आणि पुरुषाला एक असा नसतो.

आजचा कायदा आणि चिटगुप्प्याची डाळ मिल

१९७६ चा कायदा आता स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. किमान वेतन, वेतन अदायगी, बोनस आणि समान वेतन या चार कायद्यांचे एकत्रीकरण करून वेतन संहिता, २०१९ करण्यात आली व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. समान वेतनाचे तत्त्व तिच्या तिसऱ्या कलमात कायम आहे. सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी वेतनात लिंगावरून भेद करता येत नाही, आणि ही समानता आणण्यासाठी कोणाचेही वेतन कमी करता येत नाही. नोकरीत घेताना व कामाच्या अटी ठरवितानाही असा भेद करण्यास मनाई आहे. जेथे एखाद्या कामावर स्त्रियांस नेमण्यास कायद्यानेच बंदी किंवा मर्यादा आहे, तेवढाच अपवाद.

हे प्रत्यक्षात कसे लागू होते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.

समजा, एका डाळ मिलमध्ये पोती वाहणाऱ्या पुरुषास दिवसाला ६०० रुपये आणि तूर निवडणाऱ्या स्त्रीस ४५० रुपये मिळतात. ही दोन कामे एक नाहीत. लागणारे कौशल्य, श्रम आणि जबाबदारी निराळी आहे. तेव्हा केवळ एवढ्यावरून ६०० रुपयांचा दावा टिकणार नाही. गावोगावच्या सभांमधून पुष्कळदा याबाबत गैरसमज आढळतो, म्हणून हे स्पष्ट केले. आता समजा, त्याच मिलमध्ये निवडण्याच्या जागी चार पुरुषही बसतात. त्यांना 'यंत्रमदतनीस' म्हणून ५५० रुपये दिले जातात. कधीमधी चाळणीचा पट्टा अडकला, तर ते तो सोडवितात. बाकी सारा दिवस त्यांचे हातही तूरच निवडतात. येथे मॅकिनन मॅकेंझी खटल्यातील कसोटी लागू पडते. पट्टा सोडविणे हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे काय? दिवसाकाठी पाच-दहा मिनिटांचे ते काम असेल, तर नाही. मग स्त्रीचा दर ५५० रुपये धरावा लागेल. पुरुषाचा दर ४५० वर आणून समानता साधता येणार नाही.

फरक रोजचा १०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले, तर २,६०० रुपये आणि वर्षाचे ३१,२०० रुपये. वेतन संहितेप्रमाणे दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो, तेव्हा तीन वर्षांच्या फरकाची रक्कम ९३,६०० रुपये होते. प्राधिकाऱ्यास योग्य वाटल्यास तो याखेरीज दाव्याच्या दहा पटींपर्यंत नुकसानभरपाई देऊ शकतो. वेतन कमी दिल्याचा दावा आला असता, ते पुरते दिले आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, ही तरतूद अशिक्षित मजुरांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. मालकाने वेतनचिठ्ठी देणे बंधनकारक आहे. ती मिळत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वहीत कामाचे दिवस, काम कोणते केले, शेजारी कोण बसले होते आणि पैसे किती मिळाले, याची रोजची नोंद ठेवली तरी पुढे तिचा उपयोग होतो. शिक्षकांनी गणिताच्या तासाला असा हजेरीपट विद्यार्थ्यांकडून करवून घेतला, तर गणित आणि कायदा दोन्ही शिकविल्यासारखे होईल.

तक्रार कोठे करावी, याविषयी सीमाभागात नेहमी घोटाळा होतो. भाषा कोणती, यावर अधिकारक्षेत्र ठरत नाही. चिटगुप्प्यातील मिलविषयीची तक्रार कर्नाटक शासनाच्या कामगार खात्याकडे, म्हणजे बीदर जिल्ह्यातील कामगार अधिकाऱ्याकडे जाईल. तीच स्त्री हंगाम संपल्यावर सोलापूर किंवा मुंबईकडे कामास गेली, तर तेथील तक्रार महाराष्ट्र शासनाच्या खात्याकडे जाईल. प्रमुख बंदरांतील कामाबाबत मात्र केंद्र शासनाच्या कामगार यंत्रणेकडे जावे लागते. एकाच बाईला वर्षभरात तीन दारे दाखविणारी ही व्यवस्था सोयीची आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु ती जशी आहे तशी माहीत असल्यास हेलपाटे वाचतात.

वेतनाच्या जोडीला दोन विषयांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिला रात्रपाळीचा. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात स्त्रियांना कामावर ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता, परंतु जेथे काम चोवीस तास चालते तेथे त्या मनाईमुळे स्त्रियांना जागाच मिळत नसे. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये ही मनाई संविधानाशी विसंगत ठरविली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अन्वये स्त्रीची संमती घेऊन आणि सुरक्षेच्या अटी पाळून तिला रात्री काम देता येते. संमती याचा अर्थ स्त्रीला नाही म्हणता आले पाहिजे, हे पर्यवेक्षकांनी विसरू नये. दुसरा विषय कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रियांसाठी, तसेच तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही तिच्याकडे जाता येते. वेतनाविषयी तक्रार करणाऱ्या स्त्रीस नंतर अन्य प्रकारे त्रास दिला जाण्याचा संभव असल्याने ही माहिती समान वेतनाच्या माहितीपासून वेगळी ठेवू नये.

यंत्रे आल्याने स्त्रियांसाठी काही नवी दारेही उघडत आहेत. केरळातील विझिंजम बंदराची चढाओढ शेजारच्या श्रीलंकेतील कोलंबो बंदराशी आहे. तेथे कंटेनर रचणारे काही क्रेन आता उंचावरील खोपटात बसून नव्हे, तर नियंत्रण कक्षातील पडद्यासमोर बसून चालविले जातात. हे काम करणाऱ्यांत जवळच्या वस्तीतील स्त्रियाही आहेत. अंगबळाच्या नावाखाली जे काम पुरुषाचे म्हणून राखलेले होते, त्याचे मूळ कारणच तेथे उरलेले नाही.

पश्चिम किनाऱ्यावर आता आणखी एक शेजारी येत आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे मोठे बंदर बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी या बंदरास दीर्घकाळ विरोध केला आहे आणि त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न हा स्वतंत्र व गंभीर विषय आहे. मुंबई, न्हावा-शेवा, मुंद्रा आणि वाढवण यांच्यात पुढे चढाओढ होईल ती खोल पाणी आणि लोहमार्ग यांवर. तेथे भरती सुरू होईल, तेव्हा बीदर-कलबुर्गीकडील मुलीमुलगेही अर्ज करतील. अर्ज भरण्यापूर्वी त्यांनी जाहिरातीतील पदनामांची यादी नीट वाचावी, कोणते पद बंदराच्या पटावर आहे आणि कोणते ठेकेदाराच्या, हे विचारून घ्यावे, आणि एकाच कामाला दोन नावे दिसली तर ती जाहिरात जपून ठेवावी.